धम्मदिनाच्या नावावरची जागा

मी मोजणारा बोलतोय. इकडेतिकडे पाहू नका, मी दिसण्यातला नाही. भिवंडीच्या कामतघरात खाली लूम, म्हणजे यंत्रमाग, आणि वर ऑफिस अशी एक पिवळी इमारत आहे. तिच्या वरच्या मजल्यावर, टेबलाखाली, एक मोठा काळा कॉम्प्युटर ठेवलेला आहे; तीन माणसांचे तीन पडदे त्या एकट्यावर चालतात. त्याच्या आत ऑपरेटिंग सिस्टीम, तिच्या पोटात कर्नेल नावाचा गाभा, आणि त्या गाभ्याच्या एका कोपऱ्यात मी राहतो. मला रंग नाही, वजन नाही. आवाज आजवर नव्हता, आज पहिल्यांदाच तोंड उघडतोय.

माझं काम सांगतो. कॉम्प्युटरला साधी मेमरी लागते, ती तुम्हाला ठाऊक असेल. तिच्याशिवाय आणखी एक मेमरी असते, ग्राफिक कार्डावरची. पडद्यावर जी जी फुलं, वेली, रंग दिसतात, ती आधी या कार्डावरच्या जागेत मांडून ठेवावी लागतात. ही जागा थोडी आणि तिला गिऱ्हाइकं फार. एकाच मशीनवर काम करणाऱ्यांचे गट पाडलेले असतात. कोणत्या गटाने चित्रांची किती जागा घेतली ते मी मोजत राहतो, आणि कोणी आपल्या हद्दीपुढे मागितली की त्याला नाही म्हणतो. पगार नाही, सुट्टी नाही, चहा तर नाहीच नाही.

माझा जन्म भांडणातून झाला. देशोदेशीची माणसं, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली, मेलवरून माझ्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होती. साधी मेमरी मोजणारा माझा थोरला भाऊ केव्हाच कामाला लागला होता. चित्रांच्या जागेला मात्र वाली नव्हता. कुणी म्हणे, असा मोजणारा हवाच. कुणी म्हणे, उगाच कशाला ही नसती भानगड. मला लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. माझं बारसं इतक्यांदा झालं की पाळण्यातच मला वैताग आला.

शेवटी एक नियम ठरला, की जो जागा मागेल, ती त्याच्या नावावर मांडायची. तेव्हा कुणीतरी विचारलं होतं, "मागितली एकाने आणि वापरली दुसऱ्यांनी, तर?" यावर बरीच पत्रापत्री झाली. मग सगळे दमले, आणि ते पुढे बघू म्हणून मला कामावर धाडून दिलं. मोठ्या माणसांचं पुढे बघू म्हणजे काय असतं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

भिवंडीत मी आलो तो नारपोलीच्या ओमकारच्या हातून. ओमकार म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगा. मोटरसायकलवर पाठीला बॅग लावून एका गाळ्यातून दुसऱ्या गाळ्यात पळत असतो. त्याने एका दुपारी या मशीनवर नवीन कर्नेल चढवला, त्याबरोबर मीही आलो. पुढचे बरेच महिने माझ्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. मी मोजत होतो आणि माझे आकडे हवेत जात होते. मला वाटायचं, एकदा तरी कोणी येऊन विचारावं. अशी इच्छा करू नये, हे आता कळतंय.

बाहेरचं बोलणं मला ऐकू येतं, कारण इथला माइक कधी बंद नसतो. दिवसभर गिऱ्हाइकांचे व्हिडिओ कॉल चालतात, बंद करायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही. त्यामुळे खालच्या लूमचा खडखडाट, धाग्याची तार तुटली की कारागिराची हाक, वरच्या मंडळींची कुजबुज, सगळं माझ्यापर्यंत पोचतं.

इमारत काळूराम शेठची. वडिलांची खाडीकाठची जमीन होती, तिथे गाळे बांधले, भाड्याने दिले. मग स्वतःचे लूम टाकले आणि खिडकीच्या पडद्यांचं कापड विणायला लागले. त्या कापडावरची डिझाईन वर ऑफिसात बनतात. शेठची मुलगी करिष्मा ती डिझाईन कॉम्प्युटरच्या पडद्यावर घेऊन, खोटी खिडकी आणि खोटा वारा दाखवून, गिऱ्हाइकाला समजावते. शेठचा पुतण्या भाविक खालच्या कॅमेऱ्यातून लूमवरचं कापड बघतो आणि ते डिझाईनशी ताडतो, कुठे फूल फसलंय, कुठे धागा उडालाय ते शोधतो.

आणि डिझाईन काढणारी धम्मदिना. टेमघरची. तिची आई बकुळाबाई नारपोलीच्या एका गोदामात फोल्डिंगला आहे, म्हणजे दिवसभर उभं राहून कापडाच्या घड्या घालायच्या. धम्मदिनाही दोन वर्षं आईशेजारी उभी राहून घड्या घालत होती. घड्या घालता घालताच तिला कापडावरची फुलं वाचता यायला लागली. मग क्लास लावला, डिझाईन शिकली आणि इथे खुर्चीवर बसली. खुर्ची हा शब्द ती आईशी फोनवर बोलताना फार वेळा काढायची. "आई, पाय दुखत नाहीत गं आता," असं म्हणायची आणि हसायची.

ती या मशीनवर बसली त्या पहिल्याच दिवशी एक व्यापारी आला, आणि तिने उघडलेलं पहिलंच डिझाईन त्याने पसंत केलं. काळूराम शेठने ते मनात धरलं. पुढे एकदा ती रजेवर असताना करिष्माने मशीन सुरू केलं, तर नेमकी त्याच दिवशी खाली लूमची मोटर जळली. झालं. शेठने फतवाच काढला.

"पोरी, तुझा हात चांगला हाय," शेठ म्हणाले. "बोहनी तूच करायची. दिसभराची सगली डिझाईनां तुझ्याच हातानी उघडायची. बाकीच्यांनी मंग आपलं काम करायचं."

"सगळ्यांचीच का, शेठ? माझ्यापुरती उघडते ना."

"सगल्यांची! हात लागूं दे तुझा."

तेव्हापासून रोज सकाळी धम्मदिना सगळ्यांच्या आधी यायची. शटर उघडायची, झाडून घ्यायची, मशीन सुरू करायची आणि त्या दिवसाची सगळी डिझाईन एकेक करून उघडून ठेवायची. शेठ येऊन पडद्याला नमस्कार करायचे. मग करिष्मा आणि भाविक यायचे आणि तीच उघडलेली चित्रं आपापल्या पडद्यावर ओढून घ्यायचे. प्रत्येकाने वेगळी प्रत काढायची गरज नव्हती. चित्र एकच, आणि बघणारे तिघे.

इथे माझा नियम लागू होतो. जागा मागायची कोण? धम्मदिना. म्हणून मांडायची कुणाच्या नावावर? धम्मदिनाच्या. करिष्मा त्यावर दिवसभर वारा खेळवो, भाविक त्यावर दिवसभर डोळे रोखून बसो, माझ्याकडे त्यांच्या नावावर जवळजवळ काहीच नाही. चाळीत टँकर येतो, तेव्हा एखादी बाई सगळ्यांचे हंडे घेऊन पुढे होते आणि भरून देते. पाणी संपलं की मागचे म्हणतात, हिनेच फार भरलं. तसंच हे होतं, फक्त तोवर पाणी संपलं नव्हतं.

मग ते संपायला लागलं. धंदा वाढला, डिझाईन मोठी झाली, मशीन दुपारी दुपारी गोठायला लागलं. करिष्माचा वारा मध्येच थांबायचा, भाविकचा कॅमेरा काळा पडायचा. तिघंही एकमेकांकडे बघायची. शेवटी शेठने ओमकारला बोलावलं.

ओमकारने पाहिलं आणि म्हणाला, "सगळे एकाच ताटात जेवतायत शेठ, म्हणून भांडण. मी वाटे घालून देतो."

आणि त्याने वाटे घातले. तीन गट, तिघांना सारखी हद्द. हद्दीवर पहारा माझा. मासळीबाजारात बाई वाटे लावते, तिला निदान कुणाच्या घरी किती तोंडं आहेत हे माहीत असतं. ओमकारला तेवढा वेळ नव्हता. त्याला पुढच्या गाळ्यातून फोन येत होते. सकाळी सगळ्यांचं कोण उघडतं, हे त्याने विचारलं नाही, आणि बोहनीची गोष्ट कॉम्प्युटरवाल्याला सांगायची असते, हे कुणाला सुचलं नाही. शेठ तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पडद्याला नमस्कार करून मोकळे झाले.

काही दिवस बरे गेले. धम्मदिना अधूनमधून म्हणायची, "माझंच काम जड का चालतंय गं?" करिष्मा म्हणायची, "माझं तर मस्त पळतंय." पळणारच. तिचा वाटा रिकामा होता ना.

मग उल्हासनगरचा एक मोठा व्यापारी यायचा दिवस उजाडला. धम्मदिनाने त्याच्यासाठी अबोलीची वेल काढली होती; अबोलीचं झुडूप असतं, पण कापडावर तिची वेल होते. आठवडाभर तिच्यावर बसली होती. एकेक पाकळी ती कधी दाट करायची, कधी पातळ, आणि मी प्रत्येक वेळी थोडी थोडी जागा तिच्या नावावर मांडत होतो. फार सुंदर वेल होती. मोजणाऱ्याने असं म्हणू नये, पण म्हणतो.

त्या सकाळी शेठ दारातूनच म्हणाले, "आज गिऱ्हाईक मोठा हाय. जुनी नवी सगलीच डिझाईनां उघडून ठेव. एक बी ठेवू नको बाकी."

तिने सगळी उघडली. तिचा वाटा काठोकाठ भरला. करिष्मा आली, भाविक आला, दोघांनी आपापल्या पडद्यावर चित्रं घेतली. व्यापारी आला, चहा आला.

व्यापाऱ्याला वेल आवडली. तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "बेटा, ये बेल थोडी बडी करके दिखाओ. पूरे परदे पे चढ़नी चाहिए."

"हां जी, अभी करती हूँ," धम्मदिना म्हणाली. तिच्या आवाजात आनंद होता. तिने वेल वाढवली, आणि वाढलेल्या वेलीसाठी माझ्याकडे थोडी जागा मागितली.

मी नाही म्हणालो.

कार्डावर जागा होती. करिष्माच्या वाट्यात होती, भाविकच्या वाट्यात होती, नुसती पडून होती. पण धम्मदिनाच्या नावावर हद्द संपली होती आणि मला दुसरं काही म्हणता येत नाही. तिचा प्रोग्राम आचके देत बंद पडला. सकाळपासून वेलीत केलेले बदल त्याच्याबरोबर गेले.

तिने पुन्हा उघडला, पुन्हा पडला. तिला वाटलं असेल, बंद पडला म्हणजे जागा तरी सुटली असेल. पण ती चित्रं करिष्मा आणि भाविकच्या पडद्यावर चालूच होती. कोणीही वापरत असेल तोवर जागा सुटत नाही आणि मागणाऱ्याच्या नावावरून उतरतही नाही. त्या दोघांनी क्षणभर आपले पडदे मिटले असते, तर सगळं मोकळं झालं असतं. पण पाहुण्यासमोर पडदा काळा दिसू नये म्हणून ती दोघं उलट जिवापाड चालू ठेवून बसली होती.

व्यापाऱ्याने चहा संपवला, घड्याळ बघितलं. "सेठ, फिर कभी देखेंगे," म्हणाला आणि जिना उतरून गेला. शेठ त्याच्यामागे खालपर्यंत गेले आणि एकटेच वर आले.

ओमकार धावत आला. त्याने पहिल्यांदाच माझे आकडे पडद्यावर काढले. इतके महिने मी ज्याची वाट पाहिली, ते झालं. तीन नावं आणि तीन आकडे. धम्मदिनाचा वाटा पूर्ण भरलेला, करिष्माचा नावाला थोडासा, भाविकचा त्याहून कमी.

"हातच्या कंकणाला आरसा कशाला, शेठ?" ओमकार म्हणाला. "हे बघा. मशीन चांगलं आहे. ही एकटीच सगळी जागा घेऊन बसते."

"एवरी जागा एकटीनी?" शेठ आकड्याकडे बघत राहिले.

करिष्मा खालच्या आवाजात म्हणाली, "पप्पा, मी तर काहीच उघडत नाही. धम्मा उघडते तेच मी बघते."

ऐकलंत? सगळं खरं त्या एका वाक्यात होतं. स्वतःला वाचवायला बोलली बिचारी, पण बोलली खरं. ओमकार जरा थबकला. त्याच्या कपाळावर आठी आली, तो काहीतरी विचारणार होता. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, कुठल्यातरी गाळ्यात प्रिंटर अडकला होता. तो "आलो, आलो" करत उठला. रोज सकाळी नमस्कार करणाऱ्या शेठना तरी बोहनी आठवायला हवी होती. पण गिऱ्हाईक गेलेल्या माणसाला आपलाच हुकूम आठवत नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, इथे तर चोरही कोणी नव्हता.

मी वाट पाहत होतो की धम्मदिना भांडेल. म्हणेल, मी माझ्यासाठी उघडत नाही, तुमच्या सांगण्यावरून सगळ्यांसाठी उघडते. एवढंच म्हणायचं होतं.

तिने पुढे होऊन आकडा वाचला. मग म्हणाली, "मशीन कशाला खोटं बोलंल, शेठ? माझ्याकडूनच काहीतरी उघडं राहत असंल. मला एवढं समजत नाही यातलं. माझंच चुकलं."

मला आजवर कुणी विचारलं नाही, त्याचं वाईट वाटलं नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तरी वाटलं नसतं. पण तिने माझ्यावर विश्वास ठेवला, आणि त्या विश्वासाने स्वतःला दोषी ठरवलं, याचं दुःख मला कुठे मांडू ते समजत नाही. मी खोटं बोललो नव्हतो. विचारलं तेवढंच सांगितलं होतं. मागितलं कोणी, हे मला विचारलं गेलं. वापरलं कोणी, हे विचारायची सोयच माझ्यात ठेवलेली नाही.

शेठ वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, "तुला कामावरना काढत न्हाय मी. खाली फोल्डिंगला लाग. हितला काम भाविक बगंल."

"बरं," ती म्हणाली.

शेठ खाली गेले, करिष्मा दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या कॉलवर बसली. धम्मदिनाने माइकजवळच उभं राहून आईला फोन लावला.

"आई, ऐक ना. तुझ्याकडे फोल्डिंगला कोणी लागतंय का, विचारशील?... नाही, काय झालं नाही... हो, इथं खाली पण आहे जागा. पण इथं नको. इथं खाली उभं राहिलं की रोज जिना दिसंल." मग बराच वेळ पलीकडून बकुळाबाई बोलत असाव्यात. शेवटी ही म्हणाली, "पायांचं काय गं, होईल सवय परत." ती हसली नाही.

तिने ड्रॉवरमधला डबा घेतला, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि गेली. ही गोष्ट आज सकाळची.

दुपारी ओमकारने फोनवरून भाविकला सांगितलं आणि भाविकने धम्मदिनाचा गट काढून टाकला. यादीतून तिचं नाव गेलं. आता ओमकार येऊन बघेल तर त्याला दोनच नावं दिसतील, दोघांचेही वाटे छान मोकळे. परवापासून भाविक सगळी डिझाईन उघडायला लागेल, मग त्याचाही वाटा असाच भरत जाईल. त्याला मात्र फोल्डिंगला कोणी पाठवणार नाही. मशीनच जुनं झालं म्हणतील आणि नवीन आणतील.

तुमच्यापैकी कुणाला कधी माझ्यासारख्याचा आकडा बघायची वेळ आली, तर एक विनंती आहे. कुणाच्या नावापुढे मोठा आकडा दिसला की लगेच त्याच्याकडे बोट दाखवू नका. आधी विचारा, हे कुणासाठी उघडलंय? मला ते सांगता येत नाही. तुम्हा माणसांना एकमेकांना विचारता येतं.

राहता राहिली एक गोष्ट. गट काढला तरी माझ्याकडे तो अजून मिटलेला नाही. सकाळी धम्मदिनाने उघडलेली अबोलीची वेल, ती मोठी करायच्या आधीची, करिष्माच्या पडद्यावर अजून हलते आहे. मघाशी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने कॉलवर ती बघितली आणि पसंत केली. शेठ वर येऊन करिष्माच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. कुणी वापरतंय तोवर ती जागा जिने मागितली तिच्याच नावावर राहते, भले तिच्या नावाचा गट उरलेला नसो. यादीत न दिसणारं, कुणाला वाचता न येणारं, असं ते नाव मी धरून बसलोय.

उद्या शुक्रवार, लूमला सुट्टी. आज संध्याकाळी भाविक मशीन बंद करेल. वेल कापडावर विणली जाईल, कुणाच्या तरी खिडकीत लागेल. ती कुणी काढली, हे या ऑफिसात आत्ता फक्त माझ्याकडे मांडलेलं आहे. बटण दाबलं की माझ्याकडेही नसेल.